जुन्या मोटारींच्या सस्पेन्शनमधील बोल्टची निवड

जुन्या मोटारीच्या सस्पेन्शनमधील गंजलेला, झिजलेला वा वाकलेला बोल्ट बदलताना नव्या बोल्टचा व्यास, आटे, दांड्याची लांबी आणि पोलादाची प्रत मूळ बोल्टशी जुळावी लागते. हा बोल्ट तुटल्यास चाक जागेवरून सरकू शकते व धावत्या गाडीवरील चालकाचा ताबा सुटू शकतो. त्यामुळे ‘छिद्रात बसतो’ एवढी कसोटी येथे पुरत नाही.

आटे

अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी १९४८ साली युनिफाइड ही सामाईक आटेपद्धती स्वीकारली. एमजीबीसारख्या (१९६२–१९८०) ब्रिटिश गाड्यांत तिचा बारीक आट्यांचा प्रकार, यूएनएफ, प्रामुख्याने आढळतो. त्याआधीच्या व्हिटवर्थ पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंश होता, युनिफाइडमध्ये तो ६० अंश आहे. ३/८ इंची यूएनएफ बोल्टचा व्यास ९.५२५ मिमी असून त्यावर इंचाला २४ आटे असतात. १० मिमीचा मेट्रिक बोल्ट दिसायला तसाच, पण त्याचे आटे सामान्यतः १.५ मिमी अंतरावर असतात. भारतातील अ‍ॅम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली होती. अशा इंची मापांच्या आराखड्याच्या गाडीत जुन्या दुरुस्त्यांमुळे मेट्रिक बोल्टही शिरलेले असू शकतात. म्हणून काढलेल्या बोल्टवर विसंबण्यापेक्षा निर्मात्याची सुट्या भागांची यादी पाहावी व आटे गेजने तपासावेत.

प्रत आणि दांडा

मेट्रिक बोल्टच्या माथ्यावरील ८.८ या खुणेतील पहिला आकडा सुमारे ८०० मेगापास्कल ताणबळ दर्शवतो, त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० मेगापास्कलला बोल्ट कायमचा लांबू लागतो. अमेरिकी पद्धतीत साधारण तेवढ्याच प्रतीच्या बोल्टवर तीन रेषा असतात. चकचकीत स्टेनलेस बोल्टचा मोह अनेकांना पडतो. परंतु ए२-७० या सर्रास मिळणाऱ्या प्रतीत ही मर्यादा ४५० मेगापास्कलच आहे. गंजत नाही म्हणून तो मजबूत ठरत नाही.

आटे नसलेला गुळगुळीत दांडा जोडातील भागांच्या सांध्यापलीकडे पोचला पाहिजे. संपूर्ण लांबीवर आटे असलेल्या बोल्टमध्ये आडवे बल नेमके आट्यांच्या खाचेवर येते, आणि तडा तेथूनच सुरू होतो. दांडा फार लांब असल्यास मात्र नट आट्यांच्या टोकाशी अडकतो व जोड आवळला गेल्याचा केवळ भास होतो.

नायलॉनचे कडे असलेले नट दरवेळी नवे घ्यावेत. रबरी बुश असलेले जोड गाडी चाकांवर उभी असतानाच, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला, अखेरचे आवळतात. जॅकवर आवळल्यास गाडी खाली येताच रबर पिळले जाऊन लवकर फाटते.