एकट्याच आहात का, मॅडम?

लोणावळा म्हटलं की ग्रुप, कपल नाहीतर फॅमिली. पण बुधवारी रात्री, भर पावसात, खांद्यावर लॅपटॉप घेऊन कुणी एकटंच पोचलं तर? नैरोबीच्या जुन्या हॉटेलात न मागता मिळालेली गोष्ट घाटमाथ्यावर शोधताना आलेला हा अनुभव.

जुलैमधला बुधवार. रात्रीचे पावणेनऊ. लोणावळा स्टेशनबाहेर पाऊस असा, की छत्री उघडून काही उपयोग नाही आणि मिटायची हिंमत नाही. दिवसभर तळेगाव एमआयडीसीत एका क्लायंटच्या प्लांटवर मशीनचा डेटा आमच्या सॉफ्टवेअरशी जुळवत बसले होते. काम अर्धवट राहिलं होतं. सकाळी आठला परत हजर व्हायचं होतं. डोंबिवलीला घरी जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. तळेगावातली नेहमीची हॉटेलं फुल्ल, म्हणून ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कने लोणावळ्यात ऑनलाइन बुकिंग करून ठेवलेलं. लोकल पकडली आणि आले. डोक्यात तीनच गोष्टी होत्या : गरम पाणी, गरम जेवण आणि झोप.

रिसेप्शनवरच्या मुलाने बुकिंग पाहिलं, आधार कार्ड पाहिलं आणि मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

‘एकट्याच आहात का, मॅडम?’

‘हो.’

‘सॉरी हं. सिंगल लेडीजना आम्ही रूम देत नाही. मालकांची पॉलिसी आहे. पैसे रिफंड होतील.’

मी कंपनीचं आयकार्ड दाखवलं. बुकिंगचा मेल दाखवला. तो बिचारा अगदी अदबीने बोलत होता. पाणीसुद्धा दिलं त्याने. पण खोली नाही म्हणजे नाही. ‘मिस्टर असते तर काही प्रॉब्लेम नव्हता,’ असंही वर म्हणाला.

पायरीवर उभी राहून बॉसला फोन लावला. ते खरंच काळजीत पडले. ‘अगं, तू परत निघ. उद्यापासून टीममधल्या एखाद्या मुलाला पाठवू आपण. उगाच रिस्क नको.’

बघा, इथे कुणाचाच हेतू वाईट नव्हता. रिसेप्शनवाल्याचा नाही, बॉसचा तर नाहीच. पण तीन महिने राबून मी उभं केलेलं काम एका खोलीपायी दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये ‘लोणावळ्यात रूम मिळाली नाही’ असा कॉलम नसतो. ‘साइटवर कोण गेलं’ असा मात्र असतो.

‘सर, अर्धा तास द्या मला,’ म्हटलं आणि रिक्षा थांबवली.

नैरोबीत कुणी विचारलं नव्हतं

रिक्षात बसल्या बसल्या आठवली ती नैरोबी. आदल्याच वर्षी कंपनीने आठ दिवसांसाठी केनियाला पाठवलं होतं. पहिला परदेश दौरा, तोही एकटीने. आईने देवापाशी नारळ ठेवलेला आणि बॅगेत मेतकुटाची पुडी. उतरायचं होतं शहराच्या मध्यात, एका जुन्या बिझनेस हॉटेलात. जुनं म्हणजे जुनं. लिफ्टचं दार कुरकुरायचं, नळाचं गरम पाणी यायला पाच मिनिटं लागायची. पण मध्यरात्री टॅक्सीतून उतरले तेव्हा काउंटरवरच्या बाई हसून ‘करीबू’ म्हणाल्या, म्हणजे या, स्वागत आहे. पासपोर्ट घेतला आणि एकच प्रश्न विचारला : सकाळी गाडी किती वाजता हवी?

बस्स. मी कुणाबरोबर आले, का आले, लग्न झालंय का, काहीही नाही. दुसऱ्या दिवशी ब्रेकफास्टला पाहिलं तर निम्म्या टेबलांवर एकेकच माणूस. कुणी फाइल वाचतोय, कुणी घरी फोन लावतेय. चहाला तिकडेही ‘चाय’ म्हणतात आणि पोळीला ‘चपाती’, त्यामुळे आठ दिवस फारसं परकं वाटलंच नाही. भारताचं घड्याळ अडीच तास पुढे, एवढं लक्षात ठेवलं की आईचा फोनही वेळेवर.

शेवटच्या दिवशी किमाथी स्ट्रीटवरच्या स्टॅन्ली हॉटेलात कॉफी प्यायला गेले. हे तिथलं सगळ्यात नावाजलेलं जुनं हॉटेल. १९०२ साली ते सुरू केलं मेयन्स बेंट नावाच्या एका बाईंनी. तिथल्या थॉर्न ट्री कॅफेची गोष्ट तर मला फारच आवडली. हा कॅफे १९५९ सालचा. अंगणात आपल्या बाभळीच्या जातकुळीतलं काटेरी झाड. मोबाइल नव्हते त्या काळात एकटे फिरणारे प्रवासी एकमेकांसाठी त्या झाडावर चिठ्ठ्या टाचून जायचे. एकट्याने आलेल्या माणसाची सोय करणं हाच ज्या धंद्याचा पाया, तिथे ‘एकट्याच आहात का?’ हा प्रश्न येणार तरी कुठून?

दोन्ही गावं रेल्वेची

आणि गंमत म्हणजे नैरोबी आणि लोणावळा यांची कुंडली बरीच जुळते. मोंबासाहून निघालेले रूळ १८९९ साली नैरोबीच्या माळावर पोचले. पुढे रिफ्ट व्हॅलीचा अवघड उतार, म्हणून रेल्वेने सामानसुमान आणि माणसं तिथे थांबवली. त्या तळाचं गाव झालं, गावाची राजधानी झाली. ती लाइन टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांच्या वर मजूर नेले होते. रेल्वेच्या माणसांमागोमाग व्यापारी आले, साहेब आले, आणि त्यांना उतरायला हॉटेलं.

आपल्याकडे हेच थोडं आधी झालं. बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. लोणावळा हे त्या चढाच्या माथ्यावरचं ठाणं. चढताना मागे बँकर इंजिन, उतरण्याआधी ब्रेकची तपासणी. गाडी थांबली की माणूस उतरतो, आणि उतरला की त्याला खायला लागतं, झोपायला लागतं. चिक्कीचा जन्मसुद्धा रेल्वेच्या मजुरांना विकलेल्या गूळ-शेंगदाण्यातून झाला असं सांगतात.

म्हणजे लोणावळा आधी कामाचं गाव होतं, मौजेचं नंतर झालं. आपण मात्र शनिवार-रविवारचं लोणावळाच खरं धरून बसलो.

जुन्या हायवेवर

‘ताई, त्या बाजूच्या हॉटेलांत नका जाऊ,’ रिक्षावाले काका म्हणाले. ‘जुन्या हायवेला सोडतो. तिथं कंपनीवाले येतात.’

‘कंपनीवाले येतात’ हे तीन तारे, चार तारे यांपेक्षा मोठं सर्टिफिकेट आहे, हे मला त्या रात्री कळलं. घाटमाथ्यावर अशी जुनी मंडळी आहेत. खंडाळ्याला नागफणीच्या कड्यासमोरचं ड्यूक्स रिट्रीट, तुंगार्लीतलं फरियाज ही नावं तर पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतल्या कित्येकांना सेल्स मीट आणि ट्रेनिंग प्रोग्रॅममुळेच पाठ झालेली. २००२ साली एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि ‘ऑफसाइट’ हा शब्द रुळला. दोन्ही शहरांना मधलं पडतं, म्हणून मीटिंग लोणावळ्याला.

मी जिथे पोचले त्या हॉटेलचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटायची. काउंटरवर पन्नाशीचे एक काका होते. ओल्या बॅगेकडे बघून त्यांनी आधी टॉवेल मागवला. आधार कार्ड घेतलं, रजिस्टर पुढे सरकवलं आणि विचारलं :

‘सकाळी किती वाजता निघायचंय, ताई?’

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास लांब असलेल्या नैरोबीत ऐकलेला प्रश्न, आपल्या भाषेत.

खोली काही फार भारी नव्हती. पावसाळ्यातला तो टिपिकल कुबट वास, भिंतीत एक ओल, वाय-फाय लॉबीतच नीट चालणारं. पण गिझर चालू होता, दाराला आतून कडी आणि साखळी दोन्ही होतं आणि खिडकीशी टेबल होतं! टेबल, खुर्ची, दिवा आणि चालणारा प्लग पॉइंट. हनीमूनवाल्या खोल्यांत गुलाबाच्या पाकळ्या मिळतात, टेबल मिळत नाही. बॉसला मेसेज केला : ‘रूम मिळाली. उद्या आठला प्लांटवर.’

किचन बंद झालं होतं. तरी वेटरदादा म्हणाले, ‘स्टाफचं वरण-भात आहे, चालेल?’ चालेल काय, धावेल! वाफाळता, किंचित चिकट, वासाचा भात. ‘इंद्रायणी आहे, घरचा,’ ते म्हणाले. हा तांदूळ मावळचाच. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला. दादा पवन मावळातले. भातलावणीसाठी दोन दिवस सुट्टी घेऊन नुकतेच परतले होते. बोटांवर अजून चिखलाच्या भेगा.

सोमवार ते गुरुवार

सकाळी चहा घेताना काकांना विचारलंच, बाकीचे का नाही म्हणतात हो?

‘घाबरतात, ताई,’ ते म्हणाले. ‘एकटं माणूस आलं, त्याने जिवाचं काही बरंवाईट केलं, तर पोलिसांच्या फेऱ्या. लहान हॉटेलवाल्याला ते झेपत नाही. मग सरसकट नाही म्हणायचं. सोपं पडतं.’

‘आणि तुम्ही?’

‘शनिवार-रविवार काय, कुणाचंही हॉटेल भरतं. आमचं सोमवार ते गुरुवार चालतं ते कंपनीवाल्यांवर. ती माणसं एकेकटीच येतात. त्यांना नाही म्हटलं तर आम्ही खायचं काय?’

एवढं साधं गणित आहे. यात उपकार नाहीत, स्त्रीमुक्तीचं भाषण नाही. ज्याचा धंदा नेहमीच्या कामाच्या माणसावर चालतो तो त्या माणसाला ओळखतो. आणि एकट्या सज्ञान माणसाला, बाई असो की पुरुष, खोली देऊ नये असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र आणि रजिस्टरमध्ये नोंद, एवढंच लागतं. बाकी सगळी ‘पॉलिसी’.

अर्थात, जुनं आहे म्हणून टिकेलच असं नाही. नैरोबीचं हिल्टन १९६९ सालचं, शहराची खूण म्हणावी असं. तेसुद्धा २०२२च्या अखेरीस बंद झालं. लोणावळ्यातही नवीन रिसॉर्ट्स येतायत. चकाचक, महाग, फोटोत सुंदर. त्यांतली काही कामाच्या माणसालाही सांभाळतील. पण ज्यांच्याकडे टेबल आहे आणि योग्य प्रश्न विचारणारे काका आहेत, त्यांच्याकडे मधल्या वारी आपण गेलो नाही, तर तेही उद्या हनीमून पॅकेजच विकतील.

माझं काम शुक्रवारी संपलं. तिन्ही रात्री तिथेच राहिले. आता आमचा ट्रॅव्हल डेस्क बुकिंग करण्याआधी हॉटेलला फोन करतो आणि स्पष्ट विचारतो. ही एक ओळ कंपनीच्या नियमात घालून घ्यायला मला चार मेल आणि एक छोटं भांडण लागलं. पण घातली.

निघण्याआधी एवढं करा

- ऑनलाइन बुकिंगवर थांबू नका. हॉटेलला फोन करा आणि ‘मी एकटी / एकटा येणार आहे’ हे सांगून होकार घ्या. तो मेलवर किंवा मेसेजमध्ये मागा.
- बुकिंग शक्यतो कंपनीच्या नावाने करा. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर चेक-इनलाच घालून घ्या.
- विचारा : खोलीत टेबल आहे का? वाय-फाय खोलीत चालतं का? रात्री काउंटरवर माणूस असतो का?
- पावसाळ्यात संध्याकाळी उशिरा पोचणार असाल तर किचन किती वाजता बंद होतं ते आधीच विचारून ठेवा.
- खोली नाकारली तर कारण लेखी मागा आणि ते ऑफिसला कळवा. गप्प बसून घरी परतू नका. पुढच्या वेळी तिथे तुमचीच मैत्रीण उभी असेल.

शनिवारी सकाळी चेक-आउट करताना लॉबीत गर्दी उसळली होती. भुशी डॅमला निघालेले ग्रुप, रेनकोट, पोरांचा गलका. काकांनी त्या गोंधळातही मान वर करून विचारलं, ‘परत कधी, ताई?’

‘पुढच्या महिन्यात. बुधवारी.’

‘एकट्याच ना?’

‘हो, एकटीच.’

‘मग टेबलवाली खोली ठेवतो.’