होडीची बॅटरी आणि हवेची बोट

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात अतिवृष्टी झाली. मिठागरांतल्या वस्तीत माणसे अडकली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल बोटी घेऊन मदतीला आले. अशा कामासाठी हवा भरून फुगवायच्या बोटी सोयीच्या असतात. घडी केली की त्या टेम्पोत मावतात आणि मोठ्या होडीवरही ठेवता येतात. पण बोट फुगवायला किती वेळ लागतो याला अशा प्रसंगी फार महत्त्व असते. पायपंपाने माणूस दमतो, म्हणून विजेचा पंप वापरतात. भर पाण्यात त्याला वीज मिळते ती मोठ्या होडीच्या बॅटरीतून. ही जोडणी दिसते तितकी साधी नाही. तिच्यात आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम दडलेला आहे.

पहिला प्रश्न असा, की बॅटरी पुरेल का? समजा, बोटीच्या नळ्यांचा व्यास ४० सेंटिमीटर आणि एकूण लांबी ७ मीटर आहे. त्यांचे आकारमान सुमारे ८८० लिटर भरते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाव वातावरण जास्त हवा असेल, तर साधारण ११०० लिटर हवा आत ढकलावी लागेल. १२ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंप हे काम ८ मिनिटांत करतो असे धरू. २० गुणिले ८ भागिले ६०, म्हणजे २.७ अँपिअर-तास. होडीवर १०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यातला तीन टक्केही साठा खर्च होत नाही. म्हणजे ऊर्जेची अडचण नाही.

अडचण आहे ती विद्युतधारेची. २४० वॅटचे हेच काम घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम एका अँपिअरमध्ये होते. व्होल्टेज कमी, म्हणून होडीत तेवढ्याच शक्तीसाठी २० अँपिअर लागतात. आता तारेकडे पाहू. बॅटरी मागे इंजिनाजवळ आणि पंप पुढे नाळेपाशी, अंतर ६ मीटर. धारेला जाऊन परत यायचे असते, म्हणून तारेची लांबी १२ मीटर धरायची. हा परतीचा प्रवास विद्यार्थी हमखास विसरतात. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. घरगुती वायरिंगमधली दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर एकूण रोध ०.१४ ओहमच्या आसपास येतो.

०.१४ ओहम म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. एका अँपिअरला ते खरेही आहे. पण २० अँपिअरला तारेतच २.७ व्होल्ट खर्च होतात आणि पंपाला ९.३ व्होल्ट उरतात. शिवाय तारेत ५४ वॅट उष्णता तयार होते, एखाद्या मोठ्या सोल्डरिंग आयर्नइतकी. प्रत्यक्षात पंप मंदावल्यावर धाराही थोडी बदलते, पण चित्र तेच राहते. पंख्याने निर्माण होणारा दाब साधारणपणे त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग तीनचतुर्थांश झाला, की दाब निम्म्याच्या जरा वर उरतो. पंपाचा आवाज येत राहतो, बोट फुगलेली दिसते, पण मऊच राहते. अशी बोट माणसांच्या भाराने मध्ये वाकते आणि पुराच्या प्रवाहात नीट वळत नाही.

तार १० चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट ०.४ व्होल्टवर येते. इंजिन चालू ठेवले, तर बॅटरीच्या टोकांशी १४ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि इंजिन सुरू करायची बॅटरी उतरण्याची भीतीही राहत नाही. खाऱ्या हवेत चिमट्यांवर गंज चढतो. त्यांच्यापाशी ०.०५ ओहम रोध वाढला, तरी आणखी एक व्होल्ट गेला. होडीची बॅटरी २४ व्होल्टची असेल, तर १२ व्होल्टचा पंप तिला जोडायचाच नाही.

फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या जवळ हवा. कारण तो पंपाला नव्हे, तर तारेला वाचवतो. आवरण घासून दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि तार पेटते. फ्यूज पंपाजवळ बसवला, तर त्याच्या अलीकडची सगळी तार उघडी पडते. बॅटरी भारित होताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर करावी. ठिणगी पडलीच, तर तिथे पडू द्यावी.

हे वर्गात दाखवायला होडी लागत नाही. गोखिवऱ्यासारख्या कारखान्यांच्या गावात जुनी १२ व्होल्टची बंद बॅटरी, मोटारीचा ६० वॅटचा दिवा आणि अर्धा चौरस मिलिमीटरची वायर मिळवणे अवघड नाही. बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज लावा. दिवा आधी आखूड तारांनी पेटवा, मग दहा-दहा मीटरच्या दोन तारा मोकळ्या पसरून त्यांच्यामार्फत पेटवा. प्रकाश निम्म्याहून कमी होतो. मल्टिमीटरने बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. मधले सुमारे तीन व्होल्ट कुठे गेले, हे मुलांनाच विचारा. उत्तर आल्यावर जाड तार जोडून पुन्हा मोजायला सांगा.