मुंबई-पुण्याचे घरभाडे : कायदा, पगार आणि पुनर्विकास

गिरगावातल्या जुन्या चाळीत दोन खोल्यांचे भाडे महिन्याला काही शे रुपये असते आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वन बीएचकेसाठी त्या आकड्यापुढे दोन शून्ये वाढवावी लागतात. दोन्ही रकमा मुंबईतले घरभाडेच आहेत. त्यांची सरासरी काढली तर ती शहरातल्या एकाही बिऱ्हाडाला लागू पडत नाही. त्यामुळे इथल्या भाड्यांचा कल पाहायचा तर कायद्याने थोपवलेले भाडे आणि बाजारात ठरणारे भाडे हे आधी वेगळे काढावे लागतात.

भाड्यावर सरकारी बंधन आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये. युद्धकाळात बांधकाम थंडावले, माणसे येतच राहिली आणि भाडी भडकली. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते तेच तिचे ‘प्रमाण भाडे’, असे या कायद्याने ठरवून टाकले. कायदा तात्पुरता होता. पण त्याची मुदत वारंवार वाढवली गेली आणि ही तात्पुरती सोय अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. शेतमालाचे भाव, पगार, सिमेंट, मजुरी सगळे वाढत गेले. भाडे १९४० मध्येच राहिले.

याचा पहिला फटका बसला तो नव्या चाळींना. त्याआधीच्या मुंबईत भाड्यासाठी इमारत बांधणे ही पैसे गुंतवण्याची रूढ रीत होती. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या, १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने बीडीडी चाळी उभ्या केल्या. पण चाळींचा मोठा वाटा खासगी घरमालकांचाच होता. भाडे गोठल्यावर या धंद्यात राम उरला नाही. बिल्डर जागा विकण्याकडे वळले, ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द रुळला आणि १९६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही करावा लागला. जुन्या इमारतींची डागडुजी मालकांनी सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमून उपकर लावण्यात आला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती.

बाजार मात्र मागच्या दाराने आत आलाच. भाडे वाढवता येत नाही म्हणून मालक जागा देताना एकरकमी पैसे घेऊ लागले, हीच पागडी. १९४७ च्या कायद्यात ती गुन्हा होती, तरी ती सर्रास चालत असे. भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली की नव्या पागडीतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, उरलेली रक्कम जाणाऱ्या भाडेकरूला, असा प्रघातही पडला. म्हणजे मालकी एकाकडे आणि तिची बरीचशी किंमत दुसऱ्याकडे. स्वस्त भाड्याचा लाभ मिळाला तो त्या काळी आत असलेल्यांना. नंतर शहरात आलेल्याला तीच खोली पागडी मोजल्याशिवाय मिळत नव्हती, हे या कायद्याच्या समर्थनात बहुधा सांगितले जात नाही.

पागडीबरोबरच ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट निघाली. यात राहणारा भाडेकरू नसतो, त्याला फक्त जागा वापरण्याची परवानगी असते; मुदत संपली की त्याने बाहेर पडायचे. १९७३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे असे परवानाधारक जागेत होते त्यांना संरक्षित भाडेकरू करून टाकले. त्या दिवशी आत असलेल्यांचे भले झाले. मालकांनी यातून घेतलेला धडा वेगळाच होता : घर कुणाला देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेले बरे.

अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने प्रमाण भाड्यात एकदा ५ टक्के आणि पुढे दरवर्षी ४ टक्के वाढीला मुभा दिली, पागडी कायदेशीर केली आणि बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या व १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले. घरगुती भाडेकरूला याची झळ किती बसली? १०० रुपयांच्या भाड्यावर ही वाढ चक्रवाढीने धरली तरी २५ वर्षांनी रक्कम २८० रुपयांच्या आसपास येते. इमारतीच्या लिफ्टची देखभालही त्यातून निघणार नाही.

आज शहरात घर शोधणाऱ्याचा संबंध येतो तो मुख्यतः लिव्ह अँड लायसन्सशी. अकरा महिन्यांचा करार ही देशभरची सवय आहे, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात ती पळवाट नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ही जबाबदारी मालकाची आहे. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. या तरतुदीने मालकांची भीती बरीच ओसरली आणि घरांची कुलपे निघू लागली. करारात दर अकरा महिन्यांनी ५ ते १० टक्के वाढ लिहिलेली असते. हे कलम साधे दिसते, पण २५,००० रुपयांचे भाडे दरवेळी १० टक्क्यांनी वाढले तर तीन वाढींनंतर ते ३३,२७५ होते; ५ टक्क्यांनी वाढले तर २९,००० च्याही खालीच राहते. वाटाघाटीची खरी जागा ही आहे. ब्रोकरशी घासाघीस करताना लोक पहिल्या महिन्याच्या रकमेवरच अडून बसतात.

डिपॉझिट हा भाड्याचाच लपलेला भाग. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाची पद्धत आहे : मालकाला मोठी रक्कम बिनव्याजी द्यायची आणि त्या बदल्यात भाडे नाममात्र किंवा शून्य. मालक ती रक्कम वापरतो, तिचे व्याज हेच त्याचे भाडे. मुद्रांक शुल्क आकारतानाही सरकार हे ओळखून आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरून ते एकूण भाड्यात मिळवले जाते आणि बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. भाडेकरूसाठी ही पद्धत जोखमीची आहे, कारण घर सोडताना लाखोंची रक्कम परत मिळणे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते.

बाजारातले भाडे ठरते कसे, याचे उत्तर घराच्या किमतीत शोधले की चुकते. किंमत भरायला साठवलेला पैसा आणि कर्ज असते, भविष्यात भाव वाढेल ही आशा असते. भाडे मात्र दर महिन्याच्या पगारातून जाते, त्यामुळे परिसरातल्या नोकऱ्यांचे पगार जिथे थांबतात तिथेच तेही थांबते. १ कोटीच्या फ्लॅटला महिन्याला २५,००० भाडे मिळाले तर वर्षाचे ३ लाख, म्हणजे ३ टक्के होतात. त्यातून मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामा गेलेला महिना वजा केला की हातात २ टक्क्यांच्या आसपास उरते. उलट त्याच फ्लॅटसाठी ८० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे ६९,००० बसतो. भाडे देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, या घरोघरच्या समजुतीला हा हिशेब फारसा आधार देत नाही.

भाडी किती वाढली, याची उत्तरेही परस्परविरोधी मिळतात. मालमत्तांच्या संकेतस्थळांचे आकडे जाहिरातीत मागितलेल्या भाड्याचे असतात, म्हणजे त्या क्षणी रिकाम्या असलेल्या घरांचे. सरकारच्या ग्राहक किंमत निर्देशांकात चालू भाडेकरूंचेही भाडे मोजले जाते आणि त्यातले बहुसंख्य आपल्या जुन्याच करारात असतात. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत शहरी निर्देशांकात घरखर्चाचे वजन २१.६७ टक्के होते, आणि नमुन्यातल्या प्रत्येक घराची नोंद सहा महिन्यांतून एकदा घेतली जाई. म्हणून २०२४ मध्ये नवे घर शोधणारे मोठ्या वाढीने हैराण झालेले असतानाही सरकारी घरभाडे महागाई वर्षअखेरीस ३ टक्क्यांच्या खालीच दिसत होती. या मालिकेत आणखी एक गंमत होती. सरकारी निवासस्थानांचे भाडे कर्मचाऱ्याच्या घरभाडे भत्त्यावरून धरले जाई. त्यामुळे जुलै २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगाचा भत्ता लागू झाला तेव्हा एकाही घरमालकाने काही न करता भाड्याची महागाई चढली.

अलीकडची मोठी उलथापालथ कोविडची. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. पुण्यात हिंजवडी, खराडीसारख्या आयटी भागांतली घरे रिकामी झाली, कारण ऑफिस घरातच आल्यावर अमरावतीच्या किंवा कोल्हापूरच्या तरुणाला पुण्यात भाडे भरायचे कारणच उरले नाही. २०२२ पासून कंपन्यांनी लोकांना परत बोलावले आणि सगळे एकदम आले. मधल्या काळात बांधकामे रखडलेली होती. त्यातच मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला; हप्ते वाढले आणि घर घेऊ पाहणारे काही जण आणखी थोडे दिवस भाड्याने राहायचे ठरवून बसले. २०२५ मध्ये व्याजदर उतरले, पण भाडी त्यांच्यासोबत उतरत नाहीत. मागणी मंदावली तरी मालक आकडा कमी करण्यापेक्षा रंगकाम करून देतो, पहिल्या पंधरा दिवसांचे भाडे सोडतो किंवा वाढीचे कलम सैल करतो. जाहिरातीतला आकडा तसाच राहतो.

मुंबईत गेल्या काही वर्षांत भाडे वाढवणारे सर्वांत मोठे स्थानिक कारण पुनर्विकास हे आहे. एक सोसायटी पाडली की पन्नास-साठ कुटुंबे एकाच महिन्यात भाड्याचे घर शोधू लागतात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे डॉक्टर, स्टेशन सगळे जवळ हवे, म्हणून कुणी उपनगर बदलत नाही. बोरिवलीचे बोरिवलीतच आणि मुलुंडचे मुलुंडमध्येच शोधतात. त्यांचे भाडे बिल्डर देतो, त्यामुळे रकमेबाबत ते नोकरदार भाडेकरूइतके काटेकोर राहत नाहीत. बिल्डर देत असलेली रक्कम तोंडोतोंडी पसरते आणि आसपासचे मालक तीच आपली किमान अपेक्षा धरतात. पगाराशी बांधलेले भाडे इथे काही काळ त्या बंधनातून सुटते आणि याची झळ बसते ती स्वतःच्या खिशातून भाडे भरणाऱ्यांना. प्रकल्प रखडला आणि बिल्डरने भाडे थांबवले तर तीच पाळी सोसायटीच्या सभासदांवरही येते. पुण्यात कोथरूड आणि कर्वेनगर भागात हेच चित्र लहान प्रमाणात दिसते.

पुण्याच्या पेठांमध्ये भाड्याचे एकक घर नसून कॉट असते. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर राहतात : एका खोलीत तीन किंवा चार कॉट, प्रत्येकाचे वेगळे भाडे, जेवण मेसमध्ये. एका कुटुंबाला जी खोली परवडणार नाही तिचे भाडे चौघे मिळून सहज भरतात. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या आणि बैठ्या घरांच्या या वस्तीतून लहान कुटुंबे भाड्यासाठी हळूहळू बाहेर सरकली. जून-जुलैत कॉलेजे सुरू होताना इथला दर चढतो.

भाडे प्रत्येकाला सारखे नसते, हे कोणत्याही निर्देशांकात उमटत नाही. ‘फक्त फॅमिली’, ‘शाकाहारींनाच’ अशा अटी जाहिरातीत उघड असतात. धर्म आणि जात विचारली जाते ती फोनवर. ज्याला दहापैकी सात घरे नाकारली जातात तो उरलेल्या तिनांपैकी एक जास्त भाडे देऊन घेतो. अविवाहितांनाही असाच जादा दर पडतो.

एकीकडे मागणी अशी असताना दुसरीकडे घरे बंद आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली आणि त्यांतली सुमारे ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांतला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. २ टक्क्यांच्या उत्पन्नासाठी भाडेकरू सांभाळायचा, करार नोंदवायचा, पोलिसांकडे त्याची माहिती द्यायची, सोसायटीला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिगरवास्तव्य शुल्क भरायचे, यापेक्षा भाव वाढेपर्यंत घर बंद ठेवणे अनेक गुंतवणूकदारांना सोयीचे वाटते. गोव्यात किनाऱ्याजवळ मालकांना तिसरा पर्याय सापडला आहे : वर्षभराच्या भाडेकरूऐवजी पर्यटकांना दिवसाच्या दराने घर देणे. तिथे नोकरीसाठी येणाऱ्याला बारमाही भाड्याची जागा मिळणे त्यामुळे अवघड झाले.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. घरासाठीच्या डिपॉझिटवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आणि वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण, ही त्याची मुख्य वैशिष्ट्ये. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे असून, तो पुढच्या करारांनाच लागू होतो. म्हणजे पागडीच्या जागांना तो हात लावत नाही. महाराष्ट्राने आपला १९९९ चा कायदाच चालू ठेवला आहे आणि त्यात डिपॉझिटवर अशी मर्यादा नाही.