दमास्कसचें पोलाद : जौहर आणि टिकाऊपणा

स्वयंपाकघरांत वापरावयाच्या ज्या महाग सुऱ्या हल्लीं बाजारांत येतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असून त्यांस ‘दमास्कस पोलादाच्या सुऱ्या’ असें नांव दिलेलें असतें. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांस हें नांव परिचित असल्यामुळें साहजिकच असा ग्रह होतो कीं, प्रसिद्ध तलवारींचें पोलाद तेंच या सुऱ्यांचें पोलाद, आणि नक्षी जितकी दाट तितकें पातें टिकाऊ. आमच्या मतें या दोन्ही समजुती निराधार आहेत. आणि दुसरीच्या नादानें जुन्या पात्यांची हानि होते, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

ज्या पोलादावरून दमास्कसचें नांव गाजलें तें मूळ दक्षिण हिंदुस्थानचें. अरबी भाषेंत हिंदी पोलादाच्या तलवारीस ‘मुहन्नद’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कानडी व तेलुगु भाषांत ‘उक्कु’ म्हणजे पोलाद. इंग्रजांचा ‘वुट्झ’ हा शब्द त्याचाच अपभ्रंश होय. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, व जॉर्ज पीअर्सन यांनीं १७९५ सालीं त्यांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. पुढें लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेनेंही स्टोडार्ट या शस्त्रकाराबरोबर यावर प्रयोग केले.

कृति अशी : घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाचें वाळलेलें लांकूड व रुईचीं पानें मातीच्या लहान मुशींत घालून तोंड लिंपावयाचें, आणि अनेक मुशी एकाच भट्टींत रचून भात्याच्या वाऱ्यानें कित्येक तास तापवावयाच्या. लांकडांतील कर्ब शोषून लोखंड वितळे, व मूस निवली म्हणजे शेंकडा सुमारें दीड भाग कर्ब असलेली वडी हातीं येई. निजामाबाद प्रांतांतील कोनासमुद्रम् येथें असा माल घेण्यास इराणी व्यापारी येऊन राहत. ही वडी बेताच्याच उष्णतेवर पुनःपुन्हां ठोकली असतां लोह व कर्ब यांच्या संयोगाचे अतिकठीण कण ओळींनीं मांडले जातात. अम्लाचा हलका लेप दिला कीं त्या ओळी दिसूं लागतात. पारशींत हिलाच ‘जौहर’ म्हणतात. व्हरहोवेन व पेंड्रे यांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, या ओळी पडण्यास लोखंडांत व्हॅनेडियमसारख्या धातूचा लेशमात्र अंश असावा लागतो. तात्पर्य, जौहर पोलादाच्या पोटांतून आलेला असतो.

आजच्या सुरीची गोष्ट निराळी. १९७३ सालीं अमेरिकेंत विल्यम मोरन या लोहारानें दोन जातींचें पोलाद थरावर थर जोडून घडविलेल्या सुऱ्या ‘दमास्कस’ या नांवानें मांडल्या, आणि तेव्हांपासून हें नांव तशा कामास चिकटलें. जपानी पद्धतीच्या पुष्कळ सुऱ्यांत तर मधला गाभा एकाच कठीण पोलादाचा असतो. त्यांत शेंकडा सुमारें एक भाग कर्ब व पंधरा भाग क्रोमियम असा एक प्रकार फार चालतो. दोन्ही अंगांस सोळा सोळा मऊ थर बसविले कीं एकूण तेहेतीस थर होतात. नक्षी त्या बाजूच्या थरांची; भाजी किंवा मासळी कापते ती धार मात्र एकट्या गाभ्याची. थर वाढविल्यानें बळ वाढतें हेंही खरें नव्हे. एकच थर दहा वेळां दुमडला तर १०२४ थर होतात, पण जोडण्याच्या उष्णतेंत कर्ब एका थरांतून दुसऱ्यांत पसरतो आणि कडक व मऊ हा भेद बव्हंशीं नाहींसा होतो.

मुळांत ‘बळकट’ हा शब्दच येथें फसवा आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षण सांगतांना शस्त्रास पाणी देण्याच्या कृति दिल्या आहेत. केळीचा क्षार व ताक यांची कृति सांगून तो फलें दोन सांगतो : दगडावर ‘भंग’ होत नाहीं, व दुसऱ्या लोहावर ‘कौंठ्य’ येत नाहीं. हा भेद मार्मिक आहे. कौंठ्य म्हणजे बोथटपणा, तो काठिण्यानें टळतो. भंग टळतो तो चिवटपणानें. आणि बहुधा एक वाढविलें कीं दुसरें घटतें. चांगली आधुनिक सुरी रॉकवेल मापावर साठीच्या आसपास कठीण असते. तिची धार पुष्कळ दिवस राहते, पण हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर मारली तर तिचा टवका उडतो. तेथें कोयताच हवा. उलट बर्न येथील संग्रहांतील जौहरदार तलवारी तपासल्या तेव्हां त्यांचें काठिण्य अशा सुरीच्या बरेंच खालीं भरलें. तलवारीस वांकणें चालतें, मोडणें चालत नाहीं. शिवाय मऱ्हाठ्यांनीं ज्या ‘फिरंगी’ पात्यांची आवड धरली, त्या युरोपांतून आलेल्या सरळ पात्यांवर असा जौहर नसे. तरीही त्यांचा लौकिक कमी नव्हता.

यावरून संग्राहकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत घ्याव्या. बाजूंवर दाट लहरी आणि धारेजवळ त्या एकाएकीं संपून कोरी पट्टी दिसत असेल, तर पातें गाभा-थरांचें समजावें. पाठीकडून पाहिल्यास थरांच्या रेघाही आढळतात. मुशीच्या पोलादाचा जौहर बारीक असून धारेपर्यंत जातो. (सोन्याच्या तारेच्या कोफ्तगारीसही इंग्रजींत दमास्कसवरून बनलेलें नांव आहे, तिचा येथें संबंध नाहीं.) मूठ लाखेनें बसविलेली असल्यामुळें ती काढण्यासाठीं पातें निखाऱ्यावर धरणारे लोक आहेत. लाल होईपर्यंत तापल्यास पाणी उतरतें, आणि त्याहून अधिक तापल्यास कठीण कण विरघळून जौहर कायमचा जातो. चाकावर घासून चकाकी आणणें, नक्षी ‘उठविण्यासाठीं’ तीव्र अम्ल ओतणें किंवा बळ पाहण्यासाठीं पातें वांकविणें, हे प्रकारही तितकेच घातक. गंज असेल तेथें पातळ तेल लावून मऊ कापडानें सावकाश पुसावें, आणि अम्लाचें काम धातुविद्येच्या जाणकाराच्या देखरेखीशिवाय करूं नये.