थायरॉईडलाही लोह लागते

चुनखडीयुक्त जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पिकाला युरिया देऊन उपयोग होत नाही. हिराकसाची फवारणीच करावी लागते. आपल्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचेही काहीसे असेच आहे.

या ग्रंथीचे संप्रेरक आयोडीनपासून बनते. पनवेल-उरणची मिठागरे पाहिलेल्यांना वाटते, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच. प्रत्यक्षात खडेमिठात ते नगण्य असते, म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. परंतु हे आयोडीन संप्रेरकात जोडणाऱ्या विकराला लोह लागते. लोह कमी पडले की आयोडीन असूनही काम अडते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड झालेल्या मुलांना आयोडीन दिले, तेव्हा रक्तक्षय असलेल्या मुलांचा गलगंड कमी उतरला. पुढे लोह दिल्यावर त्यांनाही गुण आला.

ग्रंथीतून मुख्यतः टी-४ हे संप्रेरक बाहेर पडते. यकृत व इतर अवयवांत त्याचे अधिक प्रभावी टी-३ होते. लोह कमी असलेल्या उंदरांत हे रूपांतरही मंदावलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता तेला-तुपाविषयी. चरबीच्या प्रकारानुसार रूपांतर बदलते असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यावरून माणसाने अमुकच तेल खावे असे सांगता येत नाही. मात्र कडक उपवासात टी-३ घटते. भात-भाकरी जवळजवळ बंद करून केवळ चरबीवर भर दिला तरीही ते घटते. तेव्हा वजन उतरवण्यासाठी असले प्रयोग करू नयेत.

पालेभाजी, नाचणी, कडधान्य यांतील लोह सहजी अंगी लागत नाही. सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, जेवणानंतर लगेच चहा टाळावा. रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाची गोळी घ्यावी. या गोळीत पुष्कळदा फेरस सल्फेट, म्हणजे रसायनदृष्ट्या हिराकसच असते. पण फवारणीचे हिराकस पोटात घेण्याचा अघोरीपणा कोणी करू नये!

थायरॉईडची आणि लोहाची गोळी एकाच घोटात गिळणाऱ्या भगिनी मला मेळाव्यांत भेटतात. लोहामुळे थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोहाची किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमारास.