घरच्या गाडीची हत्यारं : काय बनवावं, काय विकतच घ्यावं



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची जुनी ओम्नी ऐन बाजाराच्या दिवशी पंक्चर झाली. आत पापड-मसाल्याची खोकी भरलेली. स्टेपनी होती, पाना होता, पण नट काही हलेना. दोघींनी पान्यावर पाय देऊन पाहिलं, तर नटाचे कोपरे झिजायला लागले. मिस्त्री येईपर्यंत दुपार झाली आणि बाजार गेला. त्यानं सहा कोनांची गोटी नटावर बसवली, दांड्यात हातभर लोखंडी पाइप घातला आणि हळूहळू दाब दिला. नट सुटला. आम्ही बघतच राहिलो!

यात जादू नाही. हापशाचा दांडा आखूड असता तर पाणी काढताना आपले काय हाल झाले असते? तसंच हे. दांडा दुप्पट लांब केला की जोर निम्मा लागतो. नळाच्या भंगारातला जाड पाइप त्याला चालतो. गोटी मात्र चांगली विकत घ्या, आणि सहा कोनांचीच. बारा कोनांची गोटी झिजलेल्या नटावरून लवकर सटकते. आणि नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक लावायच्या आधी.

पण हाच पाइप घालून नट आवळू नका. जोर जास्त झाला की आटे खराब होतात. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. त्यासाठीचा टॉर्क पाना महाग. समजा पुस्तकात 100 न्यूटन-मीटर लिहिलंय. मग नटाच्या मध्यापासून दांड्यावर अर्धा मीटर मोजून खूण करायची, तिथं रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा अडकवायचा आणि दांड्याला काटकोनात ओढायचं. काटा 20 किलोवर आला की थांबायचं. आकडा 50 असेल तर 10 किलोवर. टॉर्क पान्याइतकं नेमकं नाही, पण अंदाजानं पाय देण्यापेक्षा कितीतरी बरं.

ऑइल फिल्टर काढायला सायकलची जुनी चेन कामी येते. वेल्डिंगवाल्याकडून तिचं एक टोक लोखंडी दांड्याला जोडून घ्या. चेन फिल्टरभोवती गुंडाळून दांडा फिरवला की फिल्टर सुटतो. नवा फिल्टर मात्र हातानंच आवळायचा. फ्यूज तपासायला जुन्या इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक वायर गाडीच्या लोखंडाला लावायची, चावी चालू करून दुसरी फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवायची. एकाच बाजूला बल्ब पेटला तर फ्यूज गेलाय. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि गाडीच्या कॉम्प्युटरच्या वायरींना हा बल्ब अजिबात लावू नका.

आता घोडी. जॅकनं गाडी उचलल्यावर खाली आधाराला लावतात ती. आमच्या गटातल्या एका ताईचे मालक विटांची चळत लावून गाडीखाली शिरायचे. वीट तडकते ती सांगून तडकत नाही हो! सिमेंटचा ब्लॉकही तसाच. घोडी घरी बनवायची नाही, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडूनही नाही. किती टन पेलते ते छापलेली जोडी विकत घ्या, गाडीचं वजन बघून. मऊ जमीन, सारवलेलं अंगण टाळा. हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. शॉकअबच्या स्प्रिंगा दाबायचं हत्यारही असंच, घरी करायचं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायचा. ते काम मिस्त्रीलाच करू द्या.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू प्रत्येकीनं कशाला घ्यायच्या? आम्ही घोडीची जोडी आणि गोट्यांचा संच गटाच्या पैशातून घेतला. नेताना वहीत सही, दिवसाला वीस रुपये, आणि परत देताना माती पुसून. पुसली नाही तर आणखी दहा. पहिला दंड माझ्याच घरी लागला.