तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

बँकेच्या स्टेटमेंटवर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या रविवारी. मिरजेच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते काही केल्या बाजूला ठेवता येईना.

बाई यजमानांबरोबर पॅरिस बघायला निघाल्यात. त्या लिहितात, 'लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सुनंदा लिहिलं आणि माहेरची शालिनी तिथेच संपली. शाळेचा दाखला शालिनीचा, पासपोर्ट सुनंदाचा. शेंगेनच्या अर्जात कुणाला घालू?'

बाई, सुनंदालाच घाला. वकिलातीच्या लेखी पासपोर्टावर छापलंय ते तुमचं नाव. अर्जात पहिला रकाना आडनावाचा, दुसरा जन्माच्या वेळच्या आडनावाचा, तिसरा नावाचा. दुसऱ्या रकान्याशी आपल्या बायका हमखास अडखळतात. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं आणि पुढे जायचं. शाळेचा दाखला या अर्जाला लागत नाही. मात्र घर किंवा ठेवी अजून शालिनीच्या नावावर असतील आणि ते कागद जोडणार असाल, तर राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत लावा. नाहीतर ही शालिनी कोण, हे तिथल्या अधिकाऱ्याला कसं कळणार?

आता यजमानांचं नाव. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तिपेडी वेणी घालतो. पासपोर्टात पेड दोनच, त्यामुळे 'सुनंदा दत्तात्रय' हे सगळं नावाच्या रकान्यात बसतं. अर्जातही ते तसंच हवं, तिकिटावर आणि विम्यावरही. शेंगेनला किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतो. माझ्या पहिल्या खेपेला मी तो वडिलांचं नाव गाळून काढला होता. खिडकीवरच्या मुलीने पासपोर्ट आणि पॉलिसी शेजारी शेजारी धरली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि फाइल परत केली. पॉलिसी दुरुस्त होऊन येईपर्यंत खिडकी बंद झाली होती.

पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, त्या कधी निरखून बघा. प्रत्येक ओळीत 44 जागा. वरच्या ओळीतल्या पहिल्या 5 जागा दस्तऐवजाच्या आणि देशाच्या खुणेला जातात, नावाला उरतात 39. आधी आडनाव, मग दोन कोन, मग नाव, एक कोन, यजमानांचं नाव आणि पुढे कोनच कोन: कुलकर्णी<<सुनंदा<दत्तात्रय<<<. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. नाव लांबलचक असेल तर शेपूट तुटतं. त्याने घाबरू नका, अर्जात वर छापलेलं पूर्ण नाव लिहा.

आडनावाचा रकानाच मोकळा असेल तर मात्र आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. 2022च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने असे एकनावी प्रवासी पर्यटक व्हिसावर घ्यायचे नाहीत असं ठरवलं. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असेल तर चालेल, ही सवलत मागाहून आली.

तेव्हा स्टेटमेंटकडे वळण्याआधी या आठवड्यात एवढं करा: पासपोर्ट, आधार आणि बँकेचं पासबुक टेबलावर ओळीने मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक निघाला तर तो आधी मिटवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, आणि निघायला 15 दिवस उरायच्या आत तो द्यावाच लागतो.